गाठीत नसलेला विषाणू

एचआयव्हीसह जगणाऱ्या माणसाला लिम्फोमा म्हणजे प्रतिकारपेशींचा कॅन्सर झाला, त्या गाठीचा तुकडा काढला आणि कॅन्सरच्या पेशींत एचआयव्ही शोधला, तर काय सापडेल? बहुतेक वेळा काहीच नाही! ज्या विषाणूमुळे हा कॅन्सर होण्याची शक्यता कित्येक पटींनी वाढली, तो त्या कॅन्सरच्या पेशीत शिरलेलाच नसतो. एचआयव्ही घुसतो तो मुख्यतः टी-पेशींत, त्यातही सीडी४ हे प्रथिन अंगावर बाळगणाऱ्या टी-पेशींत. आणि या माणसांना होणारे लिम्फोमा जवळजवळ सगळे बी-पेशींचे असतात. आजार एकीला आणि कॅन्सर दुसरीला, हे कसं?

त्यासाठी बी-पेशी दिवसभर काय उद्योग करते ते पाहायला हवं, आणि ते पाहिलं की आपण अजून धडधाकट आहोत याचंच नवल वाटायला लागतं. बी-पेशीचं काम प्रतिपिंडं तयार करणं. नवा जंतू आला की त्याच्यावर नेमकं बसणारं प्रतिपिंड हवं, आणि ते तयार साठ्यात नसतं. मग लसिकाग्रंथीच्या आत, जननकेंद्र म्हणतात त्या भागात, बी-पेशी स्वतःच्याच प्रतिपिंडाच्या जनुकांत मुद्दाम चुका करत सुटते. एरवी पेशीत जितके बदल आपोआप होतात त्याच्या जवळजवळ दहा लाख पट वेगाने! ज्या चुकीतून जंतूला जास्त घट्ट धरणारं प्रतिपिंड निघतं ती पेशी टिकते, बाकीच्या मरतात. हे काम करणारं विकर जपानमधल्या तासुकू होंजो यांच्या प्रयोगशाळेने १९९९ साली शोधलं. डीएनएवर असं शस्त्र चालवायला इतर कुठल्या पेशीला परवानगी नाही. बी-पेशीला आहे, कारण त्याशिवाय जंतूंपुढे आपला निभाव लागणार नाही.

पण शस्त्र म्हटलं की कधीतरी भलतीकडे लागणारच. आठव्या गुणसूत्रावर ‘मिक’ नावाचं जनुक असतं, पेशीला ‘वाढ, दुभंग’ असा हुकूम देणारं. तोडजोडीच्या गडबडीत हे मिक तुटून चौदाव्या गुणसूत्रावर, प्रतिपिंडाच्या जनुकाशेजारी जाऊन चिकटलं, तर संपलंच. बी-पेशीत ती जागा सतत जागी असते. मिक थांबायचंच विसरतं. हा बर्किट लिम्फोमा. माणसांच्या गाठींमध्ये याच्याइतक्या वेगाने वाढणारी गाठ क्वचितच सापडेल. तिच्या पेशींची संख्या एक-दोन दिवसांत दुप्पट होऊ शकते.

आता एचआयव्ही काय करतो ते बघा. तो प्रतिकारयंत्रणेला वर्षानुवर्षं चिथावलेल्या अवस्थेत ठेवतो. जननकेंद्रं रात्रंदिवस चालू, तोडजोड अखंड, म्हणून चुकांची संधीही अखंड. दुसरीकडे पहारा देणाऱ्या टी-पेशी कमी होत जातात. आणि या पहाऱ्याची गरज आपल्या प्रत्येकालाच असते, कारण जगातल्या नव्वद टक्क्यांहून अधिक प्रौढांच्या बी-पेशींत एक विषाणू आयुष्यभर दडून असतो. तुमच्यात आणि माझ्यातही बहुधा आहेच. त्याचं नाव एपस्टाइन-बार विषाणू, थोडक्यात ईबीव्ही. पहारा असेपर्यंत तो निमूट असतो.

यातली एक बारीक गोष्ट मला फार विलक्षण वाटते. सगळे लिम्फोमा पहारा पूर्ण कोसळल्यावर येत नाहीत. मेंदूत सुरू होणारा लिम्फोमा रक्तातल्या सीडी४ पेशींचा आकडा ५०च्या खाली गेल्यावर गाठतो. पण बर्किट बहुतेकदा आकडा बरा असताना, २००च्या वर असतानाही येतो. कारण बहुधा असं: जननकेंद्र चालायला सीडी४ पेशींची मदत लागते, आणि जननकेंद्र चाललं नाही तर बर्किट घडवणारी ती चूक तरी कुठे होणार? म्हणून एआरटी म्हणजे एचआयव्हीवरची औषधं आल्यावर मेंदूतला लिम्फोमा झपाट्याने कमी झाला, बर्किट मात्र तसा हटला नाही. रक्ताच्या रिपोर्टवरचा एक साधा आकडा, आणि तो कुठल्या कॅन्सरचा संशय आधी घ्यावा हे सुचवतो!

ईबीव्ही सापडला कसा, ही गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. २२ मार्च १९६१. लंडनच्या मिडलसेक्स हॉस्पिटलमध्ये डेनिस बर्किट या सर्जनचं व्याख्यान होतं. ते युगांडात, कंपालाच्या मुलागो हॉस्पिटलमध्ये काम करायचे. तिथल्या लहान मुलांच्या जबड्यात भराभर वाढणाऱ्या विचित्र गाठी त्यांनी पाहिल्या होत्या, आणि त्या आफ्रिकेतल्या उष्ण, पावसाळी पट्ट्यातच दिसतात हेही त्यांच्या लक्षात आलं होतं. श्रोत्यांत अँथनी एपस्टाइन बसले होते. कोंबड्यांना कॅन्सर देणाऱ्या एका विषाणूवर त्यांचं काम चालू होतं. हवामानाशी नातं असलेला कॅन्सर म्हणजे यात विषाणू असणार, हे त्यांच्या मनाने तिथेच घेतलं.

मग कंपालाहून लंडनला विमानाने गाठींचे तुकडे येऊ लागले. दोन वर्षांहून जास्त काळ एपस्टाइन इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून पाहत राहिले. काही नाही. १९६३च्या डिसेंबरात एके दिवशी लंडनवर दाट धुकं होतं, विमान मँचेस्टरला वळवलं गेलं, आणि बाटली प्रयोगशाळेत पोचेपर्यंत शुक्रवारची दुपार टळून गेली होती. तुकडा ज्या द्रवात तरंगत होता तो गढूळ झालेला. गढूळ म्हणजे जंतू वाढले, नमुना वाया गेला, असं कुणीही म्हटलं असतं. एपस्टाइन यांनी टाकण्याआधी एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला. जंतू नव्हतेच! प्रवासात गाठीपासून सुट्या झालेल्या असंख्य जिवंत पेशी तरंगत होत्या. सुट्या पेशी द्रवात वाढवता येतील, हे त्यांना तिथेच सुचलं. इव्हॉन बार यांच्या मदतीने त्या पेशी वाढल्या, बर्ट अकाँग सूक्ष्मदर्शकाच्या कामात होते, आणि १९६४च्या फेब्रुवारीत नमुना ठेवायच्या पहिल्याच जाळीवर विषाणूचे कण दिसले. इलेक्ट्रॉनच्या झोताने नमुना जळून जाईल या धास्तीने एपस्टाइन यांनी यंत्र बंद केलं आणि बाहेर बर्फात, अंगावर कोटही न घेता, एक फेरी मारून आले. २८ मार्च १९६४च्या ‘लॅन्सेट’मध्ये शोध छापून आला. माणसाच्या कॅन्सरशी जोडला गेलेला हा पहिला विषाणू. त्या दिवशी धुकं पडलं नसतं तर?

पुढचा योग त्याहून चकित करणारा. कंपालातच १९६७ साली युगांडा कॅन्सर इन्स्टिट्यूट सुरू झालं. त्याचे पहिले संचालक जॉन झीग्लर हे अमेरिकी डॉक्टर. बर्किट लिम्फोमाचे रुग्ण त्यांनी तिथे भरपूर पाहिले. नंतर ते सॅन फ्रान्सिस्कोला आले, आणि १९८२ साली तिथल्या समलिंगी पुरुषांमध्ये त्यांना बर्किटसारखाच लिम्फोमा दिसू लागला. एचआयव्ही तेव्हा सापडलेलाही नव्हता! हा आजार सगळ्यात जास्त ज्या डोळ्यांनी पाहिला होता तेच डोळे नेमके तिथे होते. १९८४ साली त्यांनी अशा ९० पुरुषांची माहिती प्रसिद्ध केली, आणि १९८५मध्ये वेगाने वाढणाऱ्या बी-पेशींच्या लिम्फोमाचं नाव एड्सच्या अधिकृत व्याख्येत आलं.

आता आपल्याकडच्या ओपीडीत येऊ. ताप, रात्री घाम, वजन उतरलेलं, मानेत गाठ. रुग्णाला एचआयव्ही आहे. डॉक्टरच्या मनात पहिलं काय येणार? कॉक्स. म्हणजे टीबी. आणि त्यात त्याचं चुकतं असं मी म्हणणार नाही. जगातले सुमारे पाव क्षयरोगी भारतात आहेत, आणि एचआयव्हीसह जगणारे लोक देशात सगळ्यात जास्त महाराष्ट्रात. अशा ठिकाणी गाठीमागे टीबीच आधी शोधायचा असतो. घोटाळा होतो तो पुढे. नमुना न घेता एकेटी म्हणजे टीबीवरचा औषधोपचार सुरू होतो, महिनाभर वाट पाहिली जाते, गाठ वाढतच राहते, आणि मग ‘औषधाला दाद न देणारा टीबी असेल’ म्हणून आणखी वाट पाहिली जाते. दोन दिवसांत दुप्पट होणाऱ्या पेशींसमोर एक महिना म्हणजे किती, याचा हिशोब तुम्हीच करून बघा. सोबत स्टिरॉइड दिलं असेल तर आणखी पंचाईत, कारण स्टिरॉइडने लिम्फोमाही काही काळ आकसतो आणि सगळ्यांना वाटतं उपचार लागू पडला.

शिवाय एकाच गाठीत टीबी आणि लिम्फोमा दोन्ही असू शकतात. म्हणून जाणता सर्जन गाठ काढली की तिचे दोन भाग करतो. एक फॉर्मालिनच्या बाटलीत, पॅथॉलॉजीसाठी. दुसरा साध्या सलाइनमध्ये, टीबीच्या जंतूंच्या तपासणीसाठी. सगळी गाठ फॉर्मालिनमध्ये बुडवली की जंतू मेले; मग ते वाढवून पाहण्याचा प्रश्नच उरत नाही. अख्खं निदान असं बाटली निवडण्याच्या त्या अर्ध्या मिनिटावर टांगलेलं असतं.

या लिम्फोमांतला एक तर तोंडात येतो. हिरडी सुजते, टाळूला फुगवटा येतो. माणूस आधी दातांच्या डॉक्टरकडे जातो, हलणारा दात काढला जातो आणि जखम भरतच नाही. तिथून घेतलेल्या हरभऱ्याएवढ्या तुकड्याचा प्रवास बघण्यासारखा आहे. फॉर्मालिनमध्ये तो मुरतो, मेणात बसवला जातो, मग मायक्रोटोमच्या पात्याखालून तीन-चार मायक्रॉन जाडीची पापुद्र्यांची पट्टी निघते. ती कोमट पाण्यावर तरंगत सोडायची आणि अलगद काचेवर उचलायची. नंतर रंग. पेशीचं केंद्रक जांभळं-निळं करणारं हिमॅटॉक्सिलिन मध्य अमेरिकेतल्या एका झाडाच्या गाभ्यातून येतं. सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात मोठमोठ्या, बेफाम विभागणाऱ्या पेशी. पण कुणाच्या? कातडीच्या, रंगपेशींच्या, की रक्तातल्या?

इथे प्रयोगशाळेत चक्क प्रेशर कुकर येतो. फॉर्मालिनने प्रथिनं एकमेकांत जखडून टाकलेली असतात. ती सैल करायला स्लाइड रसायनाच्या पाण्यात घालून कुकरमध्ये उकळतात. हे गरम करण्याचं तंत्र १९९१पासूनचं. त्यानंतर स्लाइडवर प्रतिपिंड सोडायचं, एका ठरावीक प्रथिनालाच चिकटणारं. अशी एकसारखी प्रतिपिंडं हवी तितकी बनवण्याची युक्ती केंब्रिजमध्ये सेझार मिलस्टाइन आणि जॉर्ज कोलर यांनी १९७५ साली शोधली: उंदराची प्रतिपिंडं बनवणारी बी-पेशी आणि कधी न मरणारी कॅन्सरची पेशी, दोघींची एक पेशी करून टाकली! म्हणजे बी-पेशींचा कॅन्सर ओळखायला आपण बी-पेशींचं काम आणि कॅन्सरचं अमरत्व हीच दोन हत्यारं वापरतो. चिकटलेलं प्रतिपिंड डोळ्यांना दिसावं म्हणून त्याला मोहरीच्या कुळातल्या हॉर्सरॅडिश नावाच्या कंदातलं विकर जोडतात. ते रंगद्रव्यावर काम करतं आणि स्लाइडवर तपकिरी रंग उमटतो. तपकिरी म्हणजे ‘हो’.

बी-पेशी ओळखण्याची नेहमीची खूण म्हणजे सीडी२० हे प्रथिन. हिरडीतल्या त्या तुकड्यावर सीडी२० लावलं, तर सगळं कोरं! एकही पेशी तपकिरी नाही. मग हा बी-पेशींचा लिम्फोमा नव्हेच? शाळेच्या गणवेशातला मुलगा फाटकावरच्या शिपायाला लांबून ओळखू येतो. तोच मुलगा दहावी होऊन कॉलेजात गेला आणि साध्या कपड्यांत आला, तर शिपाई त्याला अडवणारच. बी-पेशीचंही असंच होतं. प्रतिपिंडांचा कारखाना बनायच्या वाटेवर, म्हणजे प्लाझ्मापेशी होताना, ती सीडी२० उतरवून ठेवते आणि सीडी१३८ अंगावर चढवते. या वाटेवर अर्ध्यात बिघडलेल्या पेशींचा हा कॅन्सर, प्लाझ्माब्लास्टिक लिम्फोमा. नेहमीच्या खुणांवर अडून बसलं तर तो दुसऱ्याच एखाद्या कर्करोगासारखा, अगदी मेलॅनोमा या रंगपेशींच्या कर्करोगासारखाही वाटू शकतो. १९९७ साली बर्लिनच्या शास्त्रज्ञांसह एका गटाने त्याचं पहिल्यांदा वर्णन केलं तेव्हा तोंडातल्या अशा १६ गाठी त्यांच्यासमोर होत्या, आणि त्यांतल्या १५ एचआयव्ही असलेल्या माणसांच्या.

म्हणून सीडी२० कोरं आलं की चांगला पॅथॉलॉजिस्ट थांबत नाही. तो सीडी१३८ मागवतो, पेशी किती वेगाने विभागताहेत ते सांगणारं केआय-६७ मागवतो, आणि मग ईबर. ही तपासणी मला सगळ्यात सुंदर वाटते. पेशीत दडलेला ईबीव्ही जवळजवळ काहीच बोलत नाही. पहारेकऱ्यांच्या नजरेस पडतील अशी प्रथिनं तो शक्यतो बनवतच नाही. पण दोन छोटे आरएनए मात्र तो अखंड तयार करत राहतो, एकेका पेशीत लाखांच्या संख्येने. त्यांना जुळणारा धागा स्लाइडवर सोडला की विषाणू असलेलं प्रत्येक केंद्रक गडद रंगाने उठून दिसतं. इतका सावध विषाणू, आणि त्याच्याकडून एवढी मोठी खूण मागे राहते! प्लाझ्माब्लास्टिक लिम्फोमांपैकी बहुतेकांत ही खूण सापडते.

कित्येकदा पॅथॉलॉजिस्टला रुग्णाच्या एचआयव्हीची कल्पनाच नसते. फॉर्मवर फक्त ‘हिरडीची सूज’ लिहिलेलं असतं. पण स्लाइडवर हा लिम्फोमा दिसला की तो रिपोर्टच्या शेवटी एक ओळ जोडतो: एचआयव्हीची चाचणी करून घ्यावी. आपल्याला एचआयव्ही आहे हे काही माणसांना पहिल्यांदा कळतं ते असं, दात दुखतो म्हणून.

गाठच नसलेला लिम्फोमा असू शकतो का? असतो. प्रायमरी इफ्यूजन लिम्फोमा. छातीत, पोटात किंवा हृदयाभोवतीच्या पिशवीत नुसतं पाणी साठतं आणि कॅन्सरच्या पेशी त्या पाण्यात सुट्या तरंगतात. सीटी स्कॅनवर बहुधा गाठ दिसत नाही. आपल्याकडे ‘छातीत पाणी झालं’ म्हटलं की पुन्हा टीबी. पाण्यात एडीए नावाचं विकर तपासतात, ते वाढलेलं येतं, आणि टीबीवर शिक्का बसतो. पण एडीए लिम्फोमातही वाढतं! खरं उत्तर त्याच पाण्याच्या तळाशी असतं. पाणी यंत्रात फिरवायचं, तळाला बसलेल्या पेशींचा गोळा करून मेणात बसवायचा आणि गाठीच्या तुकड्यासारखीच त्याची तपासणी करायची. याला सेल ब्लॉक म्हणतात. खर्च फारसा नाही, फक्त ते पाणी सिंकमध्ये ओतून द्यायचं नाही.

या पेशी तर सीडी२०सकट बी-पेशीची बहुतेक ओळख पुसून बसलेल्या असतात. मग धरायचं कशाला? त्यांच्यातल्या विषाणूला. १९९४ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात युआन चँग आणि पॅट्रिक मूर या दांपत्याने एड्सच्या एका रुग्णाच्या कापोसी सार्कोमा या कॅन्सरच्या गाठीतला डीएनए त्याच रुग्णाच्या निरोगी भागातल्या डीएनएशी ताडून पाहिला. जे दोन्हीकडे सारखं ते वजा केलं. उरले दोन छोटे तुकडे, कुठल्याच ज्ञात जिवाचे नव्हेत असे. तोच नवा विषाणू, एचएचव्ही-८. विषाणू डोळ्यांनी न पाहता, नुसत्या वजाबाकीने सापडला! पुढच्याच वर्षी एथेल सेझरमन आणि सहकाऱ्यांनी १९३ लिम्फोमांत त्याचा शोध घेतला. तो फक्त आठांत मिळाला, आणि ते आठही पाण्यात तरंगणारे. आता एचएचव्ही-८च्या ‘लाना’ या प्रथिनाचं प्रतिपिंड सेल ब्लॉकवर लावतात. होकार असला तर प्रत्येक केंद्रकात तपकिरी ठिपके विखुरलेले दिसतात. हे प्रथिन विषाणूच्या डीएनएला आपल्या गुणसूत्रांना बांधून ठेवतं, म्हणजे पेशी दुभंगताना विषाणू मागे राहायला नको. आपण पाहतो ते ठिपके म्हणजे ती बांधणीच.

नाव इतकं अचूक कशाला हवं, शेवटी केमोथेरपीच द्यायची ना? नाही. रिटुक्सिमॅब हे औषध सीडी२०ला जाऊन पकडतं. बर्किटच्या पेशींवर सीडी२० असतं, म्हणून तिथे ते कामाचं. प्लाझ्माब्लास्टिकमध्ये पकडायला काही नसतंच. आणि बर्किट वेळेत ओळखला तर बरा होतो. २०१३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ३० बर्किट रुग्णांना तुलनेने सौम्य, अनेक दिवस हळूहळू शिरेतून जाणारी औषधं दिली. त्यांतल्या ११ जणांना एचआयव्ही होता, आणि कित्येक वर्षांनंतरही त्या ११ जणांपैकी एकाचाही लिम्फोमा पुन्हा वाढला नव्हता. अकरापैकी अकरा! एचआयव्ही आहे म्हणून कॅन्सरवर अर्धे उपचार करायचे, ही समजूत खोडायला एवढं पुरेसं आहे. प्रायमरी इफ्यूजन लिम्फोमा मात्र अजूनही फार अवघड जातो.

विषाणूची खूण उद्या निदानाच्याही पुढे कामी येईल असं दिसतं. गॅन्सायक्लोव्हिर हे हर्पीसच्या कुळातल्या विषाणूंवरचं औषध. ते पेशीत शिरल्यावर लगेच काही करत नाही. विषाणूच्या एका विकराने त्याच्यात बदल केला तरच ते पेशीला मारतं. झोपलेला ईबीव्ही ते विकर बनवत नाही. म्हणून संशोधकांनी आधी दुसऱ्या औषधाने विषाणूला मुद्दाम जागं केलं आणि मग गॅन्सायक्लोव्हिर दिलं. बहुतेक निरोगी पेशींत जागं व्हायला कुणी नाही, तिथे औषध तसंच पडून राहतं. गाठीतल्या पेशीत मात्र विषाणू स्वतःच ते पेटवतो. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या चाचणीत, इतर उपचारांना दाद न देणाऱ्या ईबीव्हीच्या लिम्फोमांचे १५ रुग्ण होते. दहा जणांच्या गाठी आकसल्या, त्यांतल्या चौघांच्या पूर्ण विरल्या. हा मार्ग अजून संशोधनाच्याच टप्प्यावर आहे. पण तो कुणासाठी उघडायचा हे ठरवायला गाठीचा तुकडा, तो पापुद्रा आणि त्यावर केलेली ईबरची तपासणी लागतेच.